रेपियर आला म्हणून काम हलकं झालं?

मागवाला: रेपियर म्हणजे बिनधोट्याचा नवा माग. आडवं सूत नेणारा धोटा गेला, त्यातल्या सुताच्या कांड्या बदलायची कटकट गेली. साध्या मागापेक्षा रेपियरवर काम हलकंच आहे. तरी जो तो म्हणतो नव्या मशीनमुळं बीपी वाढला. तंबाखूचा मावा सोडा, बीपी उतरेल.

अक्कलकोट_रोड: हे वाचून राहवलं नाही. माझे वडील 27 वर्षं साध्या मागावर, दोन माग सांभाळायचे. रेपियरवर सहा दिले. हाताचं काम कमी झालं, मान्य, पण डोळे सहा ठिकाणी, तार तुटली की पळ, त्यात मीटर बसवला, कुठला माग किती मिनिटं बंद होता ते मालकाच्या मोबाईलवर. लघवीला जावं लागतं म्हणून पाणीच प्यायचे नाहीत, ते पण सोलापूरच्या उन्हाळ्यात. मुतखडा झाला. मावा जन्मात खाल्ला नाही त्यांनी.

मागवाला: मीटर नको तर टॉवेलच्या धंद्यात टिकायचं कसं? लाईटबिल तू भरतोस का बे?

पूर्वभागची_अक्का: बे कुणाला? नीट बोला. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओनं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) 2021 मध्ये सांगितलंय, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम केलं की पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त, 35-40 तास करणाऱ्यांपेक्षा. आपल्याकडं 12 तासांच्या सहा पाळ्या, म्हणजे 72. आमच्या ह्यांना मागाच्या आवाजानं ऐकू कमी येतं, घरात सगळे ओरडूनच बोलतो.

जुना_जॉबर: ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कुणी बोलत नाही. पगारातून कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन, एवढ्यात आजारपणात 91 दिवस 70 टक्के पगार मिळतो. पण दहा माणसं झाली की ईएसआय लागतो, ती दिसू नयेत म्हणून एकाच शेडचे तीन नावांनी तीन कारखाने! मी 19 वर्षं काम केलं, कार्ड नाही. हृदयाच्या बायपास ऑपरेशनला घर गहाण टाकलं.

मागवाला: विषय मशीनचा आहे अन्ना.

जुना_जॉबर: माझा विषय हाच आहे. बहिरेपण ईएसआयच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, पण कार्डच नसेल तर दावा कुठं करायचा?

अक्कलकोट_रोड: बरोबर. वडिलांचं ऑपरेशन उसनवारीवर झालं.

मागवाला: सगळेच मालक तसे नाहीत. पाण्याचं मात्र पटलं, ते माझ्या ध्यानात नव्हतं. पाळीला 20 मिनिटं मीटरमध्ये धरायची नाहीत असं सांगतो आमच्याकडं. माव्याचं मी मागं घेणार नाही, रोज थुंकलेलं बघतो.

जुना_जॉबर: 20 मिनिटं द्या, चांगलंय. तुमच्या हजेरीपटावर नावं किती अन शेडमध्ये माणसं किती, तेवढं सांगा.