पप्पांच्या माकडहाडावर लाल चट्टा, चोळायचं का?

वाईकर_धाकटा: पप्पांना (वय ७१, शुगर आहे) दीड महिन्यापूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेलीये, आता घरीच झोपून असतात. काल अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला, कातडी फाटलेली नाही. आत्या म्हणते स्पिरिट लावून चांगलं चोळ, शेजारचे काका म्हणतात मधे भोक असलेली रबरी रिंग आण. एअर बेड आहे तरी असं का झालं? आई तर रात्रभर जागीच असते, काही सुचत नाहीये.

वॉर्डातली_ताई: दादा, आधी चोळणं बंद करा. मेडिसिन वॉर्डात २६ वर्षं काढलीत म्हणून सांगते, दाबामुळे तिथे रक्त पोचत नाही म्हणून जागा आतून आधीच दुखावलेली असते, चोळलं की अजून बिघडते आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. बोटाने हलकं दाबून सोडा, पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिलं तर बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली समजायचं. सावळ्या अंगावर लाली कळत नाही तेव्हा हाताने बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. रिंग पण नकोच, कडेने दाब पडून मधल्या जागेचं रक्त अडतं. आणि एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते हो, साधारण दर २ तासांनी, पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरकं ठेवायचं, चट्टा जाईपर्यंत उताणं शक्यतो नाही. उजवा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

माझीआई_७८: आमच्या आईचं ३ वर्षं केलं. आमचं सगळं लक्ष कमरेकडे आणि इकडे टाच काळी पडली, फार वाईट वाटलं तेव्हा. पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते. वर सरकवताना ओढू नका, खाली आडवी दुहेरी चादर घालून दोघांनी उचलायचं. डायपर ओला राहू देऊ नका.

वाईकर_धाकटा: ताई, दाबून बघितलं, लालच राहतंय. रात्री पण २ तासांनी का?

वॉर्डातली_ताई: मग उद्याच डॉक्टरांना दाखवा, शुगरवाल्यांची जखम भरायला वेळ लागतो. फोड, पाणी, वास, ताप यातलं काही दिसलं तर उद्याची पण वाट बघू नका. किडनी ठीक असेल तर अंडं, डाळ, पनीर वाढवा, पण गिळताना ठसका लागत नाही ना बघा, बसवूनच भरवा. हो, रात्री पण. चांगली गादी असेल आणि चट्टा नसेल तर डॉक्टर रात्रीचं अंतर थोडं वाढवून देतात, तुमच्याकडे चट्टा आहे, म्हणून आत्ता नाही. वहीत वेळ आणि कूस लिहीत जा, आणि १० ते ४ चं तुम्ही घ्या, आईंना तेवढं सलग झोपू द्या.