निळा रंग आणि अपुरी पोथी

फ्रान्समधल्या बेरीचा ड्यूक जाँ याने पैसे थांबवले म्हणून 'त्रे रिश एर' ही प्रार्थनापोथी अपुरी राहिली, असं म्हणतात, ते पटत नाही. 1416 साली ड्यूक आणि ती रंगवणारे तिघे चित्रकार लिंबुर्ग बंधू, सगळेच वारले. पुढे 1485च्या सुमारास चित्रकार जाँ कोलोंबने ती पुरी केली.

पोथीतल्या निळ्या रंगाबद्दल: अफगाणी लाजवर्द (निळा दगड) नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते. म्हणून ती मेण, राळ, तेलाच्या गोळ्यात घालून राखेच्या क्षारपाण्यात मळायची. निळे कण पाण्यात उतरून तळाशी बसतात, मळ गोळ्यातच राहतो. पहिली खेप सर्वांत गडद. फार बारीक वाटलं की रंग फिकटतो. चिकटवायला डिंकाचं पाणी.

बाकी याच लिंबुर्ग भावांनी 1411च्या नववर्षाला ड्यूकला पुस्तकासारखा रंगवलेला लाकडी ठोकळा भेट दिला होता. आत पानं नव्हतीच!