मदत हवी आहे : मण्यारदंशाने मूल दगावल्यानंतर स्वतःला आणि सहकाऱ्यांना कसे सावरावे?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षांपासून वैद्यकीय अधिकारी आहे. दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्यामुळे दिवसाची ओपीडी आणि रात्रीचे तातडीचे रुग्ण मीच पाहते. सहा आठवड्यांपूर्वीच्या एका रात्रीतून मला अजून बाहेर पडता आलेले नाही. ज्यांनी दुर्गम भागात काम केले आहे, त्यांच्याकडूनच मला उत्तर हवे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. रुग्णाची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

पहाटे चारच्या सुमारास अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाला खाटेवर घालून आणले. तो जमिनीवर झोपला होता, मध्यरात्री त्याच्या पोटात दुखू लागले, उलट्या झाल्या आणि घरच्यांनी आधी पुजाऱ्याला बोलावले. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती. पण पापण्या मिटत होत्या आणि त्याला थुंकी गिळता येत नव्हती. मण्यारच असणार हे मी ओळखले. एएसव्हीच्या (सर्पविषावरील प्रतिविषाच्या) दहा वायल सुरू केल्या, निऑस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन देऊन पाहिले, परंतु पाच वाजेपर्यंत त्याचा श्वास उथळ झाला. तेव्हापासून मी, सिस्टर आणि परिचर आळीपाळीने अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत राहिलो. १०८ची रुग्णवाहिका नाल्याच्या पलीकडे उभी होती. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते. आमच्या नाल्याचे नाव बातमीत येत नाही, पण तोही दर पावसाळ्यात तेच करतो. साडेआठला मुलाला उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली, आणि सक्शन करूनही साडेनऊला तो गेला. पाणी उतरले तेव्हा अकरा वाजले होते.

मी श्वासनलिकेत नळी घातली नाही, हे माझ्या मनातून जात नाही. इंटर्नशिपमध्ये वरिष्ठ शेजारी उभे असताना मी तीनदा नळी घातली होती, तीही प्रौढ रुग्णांना. बॅगेने छाती नीट वर येत होती, म्हणून जे जमते आहे ते सोडू नये असा निर्णय मी घेतला. तो चुकला का? माझे मित्र आणि घरचे म्हणतात की तू शक्य ते सर्व केलेस. परंतु असे म्हणणारा कोणीही त्या खोलीत नव्हता आणि बहुतेकांना मण्यारदंश म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्यामुळे त्या शब्दांनी धीर येत नाही. मृत्यूच्या चौकशीचा नमुना भरून पाठवला, त्यात वेळा आणि औषधे आली. चूक झाली की नाही हे मला कोणी सांगितले नाही, म्हणून माझे मन रोज रात्री नव्याने निकाल देत बसते. फोन वाजला की हात कापतात. मागच्या आठवड्यात उशिरा रुग्ण आणला म्हणून मी एका आशाताईंवर ओरडले, जी बिचारी चार किलोमीटर चिखलातून चालत आली होती.

आमच्या सिस्टर त्या खोलीत एकट्या जात नाहीत आणि परिचर त्या दिवसाबद्दल बोलतच नाही. अशा मृत्यूनंतर आपण आपल्या कर्मचाऱ्यांना एकत्र कसे बसवले? आणि दुसरा डॉक्टर नसताना सलग दोन रात्री तरी झोप मिळावी यासाठी कोणी काय व्यवस्था केली?

प्रतिसाद :

डॉक्टर, मी कोकणात आणि नंतर नंदुरबारमध्ये मिळून एकतीस वर्षे सरकारी नोकरी केली. आधी आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. एएसव्ही रक्तात फिरणारे विष बांधते. मण्यारच्या विषाने मज्जातंतूंची टोके एकदा बिघडली की ती औषधाने परत येत नाहीत, शरीर ती हळूहळू दुरुस्त करते आणि तोवर, कधी कित्येक दिवस, श्वास बाहेरूनच द्यावा लागतो. निऑस्टिग्मिनचा उपयोग नागदंशात होतो तसा येथे सहसा होत नाही. नळी असती तर उलटीचा धोका कमी झाला असता, हे खरे आहे आणि ते मी आपल्यापासून लपवणार नाही. पण सवय नसलेल्या हाताने, लुळ्या पडलेल्या मुलाला, एकट्याने नळी घालताना ती चुकली असती तर तो पाच वाजताच गेला असता. छाती वर येत असताना बॅग न सोडण्याचा निर्णय मीही घेतला असता.

तरीही केवळ माझ्या शब्दावर थांबू नका. त्या रात्रीच्या वेळा क्रमाने लिहून काढा आणि जिल्हा रुग्णालयातील भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. त्यांच्याकडे चार दिवस थांबून नळी घालण्याचा सराव मागा. मी उशिरा मागितला, याचे मला आजही वाईट वाटते. कर्मचाऱ्यांना बोलावताना ‘चर्चा’ हा शब्द वापरू नका, त्यांना ती चौकशी वाटते. चहा ठेवा, आपण स्वतः प्रथम बोला, आणि प्रत्येकाला ती रात्र आपापल्या जागेवरून सांगू द्या. रात्रींसाठी शेजारच्या केंद्राशी आळीपाळी ठरवा, पण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी आदेश घ्या. तोंडी व्यवस्था पहिल्याच पावसात मोडते. सहा आठवडे झोप नाही आणि हात कापतात, म्हणजे आता मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. आज रात्रीच फोन करावा, ही विनंती.

धागाकर्तीचे उत्तर :

सर, मनापासून आभार. त्याच रात्री फोन केला आणि पुढच्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. काल आम्ही चौघे चहाला बसलो. परिचराने सांगितले की उलटी झाली तेव्हा बॅग त्याच्या हातात होती, आणि सहा आठवडे तो हा आपलाच दोष समजत होता. मला हे माहीतही नव्हते. वेळा लिहून काढल्या आहेत. भूलतज्ज्ञांनी सोमवारी बोलावले आहे.

एक प्रश्न उरला आहे. मुलाची आई आमच्याच उपकेंद्राच्या गावात राहते आणि मी अजून तिच्याकडे गेलेली नाही. ज्यांनी अशी भेट घेतली आहे, त्यांनी कृपया लिहावे की आपण कोणाला सोबत नेले आणि पहिले वाक्य काय बोललात.