मदत हवी आहे: एचएसपी९० अडवलं तरी एआर जागेवरच!

ब्लॉटग्रस्त: पेशींना १७-एएजी (एचएसपी९० हे घडीला मदत करणारं प्रथिन अडवणारं औषध) दिलं, १ मायक्रोमोलर, २४ तास. मग वेस्टर्न ब्लॉटवर प्रथिनं मोजली. एचएसपी७० झकास वाढतंय, म्हणजे औषध लागू पडतंय. पण अँड्रोजेन रिसेप्टर (एआर, पुरुष-हार्मोन ओळखणारं प्रथिन) जेमतेम उतरलाय. एआर एचएसपी९०चा क्लायंट, म्हणजे त्याच्या आधारावर टिकणारं प्रथिन, आहे ना? डोस वाढवू का? शुक्रवारच्या आत उत्तर हवंय.

चौकस: सेल लाइन कोणती? अँटिबॉडी रिसेप्टरच्या कोणत्या टोकाची? पेशींच्या खाद्यातलं सीरम साधं की चारकोल-स्ट्रिप्ड (हार्मोन काढलेलं)? हे न सांगता डोसचं काय विचारता!

घडीबाज: डोस वाढवू नका. एचएसपी९० अडलं की एचएसएफ१ (एचएसपी७०चं जनुक चालू करणारं प्रथिन) मोकळा होतो आणि एचएसपी७० वाढतं. ती औषध पोचल्याची खूण, रिसेप्टर गेल्याची नव्हे. उलट वाढलेलं एचएसपी७० पेशीला तगवतं. माझं ऐका, एचएसपी९०चा नाद सोडा, एफकेबीपी५२ (एचएसपी९०चं साथीदार प्रथिन) धरा. हार्मोनला एआरची दाद तोच वाढवतो. त्याचं जनुक काढलेल्या नर उंदरांत प्रोस्टेट नीट घडतच नाही.

मोलिब्डेट: एफकेबीपी५२ बसतो एचएसपी९०वरच, मग नाद कसा सुटेल? आणि त्याचा भाऊ एफकेबीपी५१ विसरलात. त्याचं जनुक एआरच चालू करतो, तेव्हा पीएसएबरोबर (तेही जनुक एआरच चालू करतो) त्याचाही एमआरएनए (जनुकाची नक्कल) मोजा. एआर-एचएसपी९० जोडी अँटिबॉडीनं ओढायची (इम्युनोप्रेसिपिटेशन, आयपी) असेल तर पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये २० मिलिमोलर सोडियम मोलिब्डेट, एनपी-४० सारखं सौम्य डिटर्जंट, सगळं बर्फावर. रिपासारख्या कडक बफरमध्ये जोडी सुटते.

चौकस: ब्लॉटचं विचारलंय, आयपीचं नाही.

हार्मोनप्रेमी: डीएचटी (नैसर्गिक पुरुष-हार्मोन) वापरू नका. एलएनकॅप (प्रोस्टेट कॅन्सरच्या) पेशी त्याला ग्लुकुरोनाइड जोडून निकामी करतात. आर१८८१ (कृत्रिम अँड्रोजेन) घ्या, १ नॅनोमोलर पुरे. वाढीची चाचणी असेल तर आणखी कमी, जास्त झालं की वाढ उलट दबते.

ब्लॉटग्रस्त: हार्मोन वेगळं घातलेलंच नाही! २२आरव्ही१ (प्रोस्टेट कॅन्सरच्याच पेशी), साधं सीरम, एन-टोकाची अँटिबॉडी. ७५ ते ११५ किलोडाल्टनमधलं सगळं एकत्र मोजलंय.

चौकस: इथेच घोडं अडलंय. २२आरव्ही१मध्ये वर पूर्ण लांबीचा एआर (एक्झॉन ३, म्हणजे जनुकाचा एक तुकडा, दोनदा असल्यानं नेहमीपेक्षा थोडा जड) आणि खाली ७५-८० किलोडाल्टनच्या आसपास व्ही७सारखे छोटे प्रकार. एचएसपी९० धरतं हार्मोन बांधणारा भाग. छोट्यांत तो नाहीच, मग औषधानं ते कशाला पडतील? दोन्ही बँड वेगळे मोजा. सी-टोकाच्या अँटिबॉडीला फक्त वरचा दिसेल. तुलनेला शेजारी एलएनकॅपचं लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) चालवा.

मोलिब्डेट: इतकं सरळ नाही. काही एचएसपी९० इनहिबिटर व्ही७चं स्प्लायसिंगच (एमआरएनएचे तुकडे जोडणं) बिघडवतात. खालचा बँड उतरला म्हणून तो क्लायंट ठरत नाही, एमआरएनए बघा.

घडीबाज: प्रोटिअसोमनं (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) एआर खाल्ला हे दाखवायला एमजी१३२ (प्रोटिअसोम अडवणारं औषध) घालणार असाल तर गाळही जेलवर चढवा. वाचलेला एआर नीट घडी न झालेला असतो, डिटर्जंटमध्ये विरघळत नाही. नुसतं वरचं पाणी चालवलंत तर वाटेल एमजी१३२ चाललंच नाही.

ब्लॉटग्रस्त: वेगळं मोजलं. वरचा पाव हिश्श्यावर आलाय, खालचा जसाच्या तसा. पण पीएसए फारसं उतरलेलं नाही, ते व्ही७मुळे?

चौकस: शक्य आहे, त्याला हार्मोन लागतच नाही. व्ही७च्या क्रिप्टिक (एरवी वगळल्या जाणाऱ्या) एक्झॉनवर एसआयआरएनए (एमआरएनए मोडायला लावणारा छोटा आरएनए) टाका, मग १७-एएजी. तेव्हा पीएसए कोसळलं तर व्ही७. आणि यापुढे सेल लाइन पहिल्या ओळीत लिहा.

हार्मोनप्रेमी: साध्या सीरममधल्या हार्मोनचं काय? चारकोल-स्ट्रिप्ड घ्या.