लॅपटॉप चार्ज होत नाहीये, पोर्ट गेलंय, २० तारखेच्या आत पाहिजे. अर्जंट मदत!!

कृष्णाकाठचा (१७ तारीख, रात्री ११.४०)
नमस्कार मंडळी. चार्जर लावला की लाइट लागते, खाली कोपऱ्यात प्लगचं चिन्ह पण येतं, पण टक्के काय हलत नाहीत, सकाळी ३४ होते आत्ता पण ३४च. चार्जिंगचं पोर्ट गेलंय हे नक्की आहे, तेवढं कसं दुरुस्त करायचं आणि खर्च किती ते सांगा. बाकी सगळं करून बघितलंय. क्लायंटची जीएसटीची रिटर्न्स भरायचीत त्यामुळे प्लीज लवकर.

पेठेतला_प्राणी
बाकी सगळं म्हणजे काय काय? पोर्ट गोल आहे का टाइप-सी? लॅपटॉप किती जुना? चार्जर ओरिजिनल आहे का? वॉरंटी?

कृष्णाकाठचा
वॉरंटी असती तर इथं कशाला विचारलं असतं. गोल आहे. ५ वर्षं झाली.

रिकामटेकडा_८२
बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवा. मी ऑफिसच्या लॅपटॉपवर ४ वर्षं असंच काम केलं, मस्त चालतं.

पेठेतला_प्राणी
काका, खालची खटकी सरकवली की बॅटरी हातात यायची ते दिवस गेले. आता आत स्क्रूनं बसवलेली असते.

सुईदोरा
गोल पिन म्हणताय तर चार्जरच्या टोकात मधोमध एक बारीक सुई असते काही कंपन्यांच्या. ती आहे का जागेवर? बॅटरीनं बघा जरा. म्हणजे टॉर्चनं.

सोल्डरबाबा
जॅकचा, म्हणजे तुमच्या पोर्टचाच, सोल्डर सुटलाय, दुसरं काही नाही. मल्टिमीटर लावा, चार्जरच्या टोकाला १९.५ व्होल्ट आले म्हणजे चार्जर ओके आणि जॅक गेला. मग जॅकच्या भानगडीत न पडता बोर्डवरून दोन वायरी सोल्डर करून बाहेर काढायच्या, शेवटी कनेक्टर लावायचा. माझा २०१४ पासून तसाच चालू आहे.

पेठेतला_प्राणी
अहो १७ तारखेला रात्री कुणाला बोर्डवर सोल्डरिंग करायला सांगताय? बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅक बोर्डवर नसतोच, छोट्या केबलला असतो. स्क्रू काढा, केबल बदला, संपला विषय. वायरी बाहेर काढून लॅपटॉपचा रेडिओ नका करू.

सोल्डरबाबा
रेडिओ तर रेडिओ, वाजतोय ना? तुमच्या केबलवाल्या जॅकमध्येच दर दोन वर्षांनी लूज कॉन्टॅक्ट होतो.

आल्याचा_चहा
सेटिंगमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय चालू असेल, बघा. माझा तसाच अडकला होता आणि मी दुकानदाराशी भांडून आले होते 😄

पेठेतला_प्राणी
ताई, ८० ची लिमिट असेल तर ३४ वर कशाला अडकेल?

आल्याचा_चहा
हो की. मग चार्जर काढून, बंद करून, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. तेवढ्यानं कधी कधी सुरू होतं.

कृष्णाकाठचा (१८ तारीख, सकाळी ७.१५)
३० सेकंद दाबलं, काही नाही. मल्टिमीटर नाही माझ्याकडे. आणि लॅपटॉप एकदम गोगलगाय झालाय, टॅली उघडायला पाच मिनिटं, पण तो वेगळा विषय, त्याचा वेगळा धागा काढीन. आधी पोर्टचं सांगा.

सुईदोरा
तो वेगळा विषय नाहीये हो! स्लो कधीपासून? चार्ज होणं बंद झालं तेव्हापासूनच का?

लोकलमधला_चौथा
लॅमिंग्टन रोडला जा. तासाभरात करून देतात.

कृष्णाकाठचा
मी कराडला आहे.

म्युनिकचा_मावळा
म्हणूनच युरोपात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपलाही टाइप-सी सक्तीचं, फोनला तर २०२४ च्या डिसेंबरपासूनच आहे. एकच चार्जर घरभर. आपल्याकडे हे कधी सुचणार?

सोल्डरबाबा
टाइप-सीच्या पोर्टात २४ पिना असतात. ते गेलं की बोलवा कुणाला बोलवायचं ते, आमच्यासारख्यांच्या हातचं नाही.

हिशेबनीस
जीएसटीचं म्हणाल तर घाबरू नका, तिमाहीवाले असतील तर तिमाही संपल्यावर महाराष्ट्राला २२ पर्यंत मुदत असते. २० तारीख महिनेवाल्यांना. लेट फी पण दिवसाला ५० रुपये, निल असेल तर २०.

कृष्णाकाठचा
साहेब मला मुदत माहितीये, मी तेच काम करतो 🙏 आणि ५० रुपये एका क्लायंटचे, माझ्याकडे २३ आहेत. पोर्टल कुठूनही उघडता येईल हो, डेटा या डबड्यात आहे.

पेठेतला_प्राणी
बॅकअप?

पेठेतला_प्राणी
दादा, बॅकअप आहे ना? ३४ टक्के आहेत आणि प्लगवर चालतोय तोवर आत्ताच्या आत्ता पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर.

कृष्णाकाठचा
घेतोय.
सुईदोरा, हो, तेव्हापासूनच स्लो आहे. आधी महिनाभर वायर एका अँगलला धरली की चार्ज व्हायचं, खाली डायरीची टेकण देऊन चालवत होतो. परवा पोरगी वायरीत अडकली, तिथून बंद. चार्जर डुप्लिकेट आहे, ओरिजिनल उंदरानं खाल्ला दिवाळीत.

पेठेतला_प्राणी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं 🤦

सुईदोरा
आता ऐका. बाहेरच्या गोल कड्यातून वीज जाते, मधल्या सुईतून चार्जर लॅपटॉपला सांगतो की मी कोण, किती वॉटचा. सुई बोलली नाही की लॅपटॉपचा चार्जरवर विश्वास बसत नाही, मग तो कसाबसा चालतो पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेग पाडून ठेवतो. तुमची दोन्ही लक्षणं तीच. त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा ओरिजिनल चार्जर कुणाचा तरी लावून बघा, आणि तो शेवटपर्यंत आत जातो का तेही सांगा.

सोल्डरबाबा
थिअरी छान आहे, पण जॅकच निघणार बघा.

कृष्णाकाठचा (दुपारी ३.०५)
शेजारच्या पोराचा आणला, त्याच कंपनीचा, ६५ वॉट. आत जातच नाही पूर्ण, तांदूळभर फट राहते, लाइट पण लागत नाही. आणि माझ्या चार्जरच्या टोकात सुई नाहीये!! मला वाटलं तो पोकळच असतो.

सुईदोरा
तुटून जॅकच्या भोकात बसलीये. टाचणीनं उकरू नका, चार्जर लावलेला असताना तर अजिबात नाही, शॉर्ट होईल. दुकानात न्या, आधी बॅटरीचा कनेक्टर काढायला सांगा.

कृष्णाकाठचा (१९ तारीख, रात्री ९.२०)
झालं. बस स्टँडजवळच्या एकाकडे नेला, चिमट्यानं तुकडा निघाला पण जॅक आतून फाकला होता. केबलवालाच निघाला. जॅक ४००, मजुरी ३००, चार्जर चांगला बघून घेतला त्याचे वेगळे. ७१ टक्के झालेत आणि टॅली पण पळतंय. ९ रिटर्न्स गेली, १४ राहिलीत, बसतो आता. सुईदोरा, पहिल्या दिवशीच तुमचं वाचलं असतं तर.

सोल्डरबाबा
म्हणजे जॅकच निघाला शेवटी.

रिकामटेकडा_८२
बॅटरी काढून बघितली का?