म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील पोस्टडॉक जागा

प्रश्न : पुण्यात भौतिकशास्त्राचा पीएच.डी. प्रबंध सादर केला असून मौखिक परीक्षा अद्याप व्हायची आहे. अशा स्थितीत मी म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधन नेमणुकीसाठी) अर्ज करावा का?

उत्तर १ : अवश्य करावा, मात्र परीक्षेची अपेक्षित तारीख अर्जात स्पष्ट लिहावी. जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई १३’ असे असल्यास ती सरकारी वेतनश्रेणी आहे, शिष्यवृत्ती नव्हे.

उत्तर २ : जर्मनीतच अन्यत्र मी पाठवलेले अर्जाचे पहिले पत्र कोणत्याही संशोधन गटाला चालेल असे मोघम होते आणि त्याला उत्तर आले नाही, पुढच्या वेळी मात्र त्या गटाच्या शोधनिबंधातील एकाच आलेखावर दोन परिच्छेद लिहिले, तेव्हा आठवड्याभरात मुलाखत ठरली.

उत्तर ३ : ताई, तिथल्या कायद्यानुसार पीएच.डी.नंतरच्या मुदतबंद नेमणुकांना साधारणतः ६ वर्षांची मर्यादा आहे, म्हणून करार किती काळाचा हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.