विषय: आपले ड्रॉइंगचे सर

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आपल्या यादीत कोल्हापूरची बरीच मंडळी आहेत. त्यातल्या निम्म्यांनी तरी सरांच्या हाताखाली एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल, म्हणून इथेच लिहिते. सर गेले. परवा तेरावं झालं. अगदी शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते, असं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, बाबांची चित्रं घरात उरलीच नाहीत गं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ ची. सरांच्या घरात खाली छातीएवढं पाणी होतं आणि सगळी चित्रं खालच्याच लाकडी कपाटात. पाणी ओसरल्यावर त्यांनी चिकटलेले कागद एकेक करून सोडवले आणि दोरीवर वाळत घातले. मी त्या डिसेंबरात भेटायला गेले तेव्हा त्यातले काही दाखवले. रंग वाहून गेलेले, सगळीकडे गढूळ डाग, पण पेन्सिलीच्या रेघा जशाच्या तशा. आणि मधूनच कुठेतरी निळा. सरांनी एक कागद खिडकीकडे धरला आणि वर्गात सांगायचे तसं सांगितलं, की हा प्रशियन ब्लू आहे, तो कागदात मुरतो. अल्ट्रामरीन नुसता वर बसलेला असतो, पाणी लागलं की उठतो. ऐंशी ओलांडलेला माणूस, जन्माचं काम चिखलात गेलेलं, आणि ते मला रंग समजावून सांगत होते. त्यांच्यासमोर मी रडले नाही. रिक्षात बसल्यावर मात्र आवरलं नाही.

पण सरांची चित्रं आहेत. ती आपल्याकडे आहेत. लग्न ठरलं, नोकरी लागली, परदेशी निघालो, की सर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी हातात ठेवायचे. किती जणांना दिली असतील याचा त्यांनी कधी हिशेब ठेवला नाही. माझ्याकडे एक आहे. पावसाळ्यातला रंकाळा तलाव, त्यातला दगडी संध्यामठ निम्मा पाण्यात.

भिंतीवर, पेटीत, माळ्यावर, जिथे असेल तिथून काढा आणि फोटो पाठवा. सगळे एकत्र करून सरांच्या मुलीला द्यायचे आहेत.

तुमची,
नववी ब मधली

---

उत्तर: आपले ड्रॉइंगचे सर

ताई,

बातमी वाचून बराच वेळ तसाच बसून राहिलो. मी तुमच्या खूप आधीचा, सर शाळेत नवीन लागले तेव्हाचा. जी. डी. आर्ट होऊन आलेला माणूस आमच्यासारख्या पोरांना वांगी आणि तांब्या काढायला शिकवायला का आला, हे तेव्हा कळत नव्हतं. जे. जे. स्कूलचा त्यांना फार अभिमान. जे. जे. आणि मुंबई विद्यापीठ दोन्ही १८५७ ची, पण जे. जे. काही महिन्यांनी थोरलं, हे ते दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे.

मला त्यांची चित्रं आठवतात त्याहून जास्त पडदे आठवतात. स्नेहसंमेलन आलं की मांजरपाटाचा तागा हॉलमध्ये जमिनीवर अंथरायचा. आम्ही पोरं स्टोव्हवर सरस वितळवायचो. तो वास अजून नाकात आहे. त्यात कोरडी रंगाची पूड कालवायची, ढवळत राहायचं, गार होऊ द्यायचं नाही, कारण गार झालं की सरस थिजतो आणि कुंचला ओढत नाही. सर अनवाणी त्या कापडावर चालत चालत लांब दांड्याच्या कुंचल्यानं आभाळ मारायचे. काम करता करता बाबूराव आणि आनंदराव पेंटर या भावांचं सांगायचे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक कंपनीसाठी त्यांनी रंगवलेले पडदे लोक नाटकाइतकेच बघायला यायचे म्हणे. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूराव पुढे सिनेमात गेले आणि १९२० ला ‘सैरंध्री’ केला. आम्हाला वाटायचं सर गोष्ट सांगतायत. आता वाटतं, आपण कुठल्या गावात कुठल्या कामाला हात लावतोय ते ते आम्हाला सांगत होते. दर वर्षी त्याच कापडावर चुन्याचा हात देऊन नवा पडदा व्हायचा. त्यामुळे त्यातला एकही राहिला नाही.

एक गोष्ट मनात सलते, ती लिहितो. आमच्या दहावीच्या वर्षी शाळेनं चित्रकलेचे तास काढून गणिताला दिले. सर शिक्षकांच्या खोलीत काय बोलले असतील ठाऊक नाही, आमच्यापुढे चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्याला यायचं त्याला पावणेसातला पंचगंगा घाटावर बोलावलं. चार जण जायचो, पाचवे सर. त्याचे पैसे त्यांना कुणी दिले नाहीत, आम्ही तर साधे आभारही मानले नाहीत. आज ते मानावेसे वाटतात तर सर नाहीत.

माझ्याकडे घाटाची दोन चित्रं आहेत. रविवारी फोटो काढतो.

आपला,
पहिल्या काही बॅचमधला एक

---

उत्तर: आपले ड्रॉइंगचे सर

काका, मावशी,

मी तुम्हा दोघांच्या बरीच नंतरची. सरांच्या निवृत्तीच्या आधीची शेवटची इंटरमिजिएटची तुकडी आमची. मला स्थिरचित्र कधी जमलं नाही, पण अक्षरलेखनाचं वेड सरांनी लावलं. बोरू ते स्वतः तासून द्यायचे. टोकाला तिरका काप, मध्ये बारीकशी चीर. आधी अक्षराचा दंड, मग गाठ, शिरोरेषा सगळ्यात शेवटी. शब्द पूर्ण झाल्याशिवाय डोक्यावर रेघ ओढलेली त्यांना खपायची नाही. आजही मी वाणसामानाची यादी लिहिताना शिरोरेषा शेवटी देते.

आता थोडं कामाचं. मी इथे एका संग्रहालयात कागदावरच्या चित्रांच्या विभागात आहे, म्हणून हक्कानं सांगते.

फोटो काढताना फ्लॅश नको. खिडकीजवळचा मऊ उजेड पुरे, थेट ऊन नको. चित्र सपाट ठेवून कॅमेरा बरोबर वरून धरा, आणि शेजारी एक फूटपट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. फाटलेलं असेल तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर कृपा करून कुणीच करू नका, ते परत काढता येत नाही. ज्यांनी चित्र उन्हाच्या भिंतीवर लावलंय त्यांनी ते आजच हलवा. सर संध्याकाळच्या आभाळात क्रिमझन वापरायचे आणि तो उन्हानं उडतो. आभाळातला तांबडा फिका वाटत असेल तर तो सरांनी फिका लावलेला नाही, तो उडाला आहे.

आणि शक्य असेल तर फ्रेम मागून उघडा. जुन्या फ्रेमवाल्यांनी चित्रामागे साधा पुठ्ठा लावलेला असतो. त्यातल्या आम्लानं कागद तपकिरी होतो, त्यामुळे तो तसाही बदलायला हवा. पण मुख्य कारण वेगळं आहे. सर मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचे. जागा, तारीख, वेळ, कधी हवा. माझ्या चित्रामागे ‘कोटितीर्थ, स. ७.१०, धुकं उतरतंय’ असं आहे. कोटितीर्थ तलावाला गेलं की ते चित्रकार आबालाल रहिमान यांचं नाव घेतल्याशिवाय राहायचे नाहीत. आबालाल त्याच काठाला राहिले, १९३१ साली गेले, आणि त्यांचंही कितीतरी काम आज कुठे आहे कुणाला माहीत नाही. सरांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही. मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, मी जागा आणि तारखांप्रमाणे लावून देते.

तुमची,
बोरूवाली

---

उत्तर: आपले ड्रॉइंगचे सर

माझ्याकडे सरांचं एकही चित्र नाही. माझ्या चित्रावर त्यांनी कधी हात फिरवला नाही, कुणाच्याच फिरवला नाही. चुकलेलं दाखवायचं असलं तर शेजारी वेगळ्या चिटोऱ्यावर काढून दाखवायचे. तसे तीन चिटोरे माझ्या कंपासपेटीत अजून आहेत. एकावर घागरीची कड आहे, लंबवर्तुळ जवळून रुंद आणि लांबून अरुंद कसं दिसतं ते. हे चालतील का?

---

उत्तर: आपले ड्रॉइंगचे सर

दादा, चालतील का काय विचारता! आधी तेच पाठवा.

काका, घाटाच्या चित्रांची वाट बघतेय. आतापर्यंत अकरा चित्रांचे फोटो आलेत. काहींनी मला वेगळं लिहिलंय, त्यांचेही धरून. महिनाअखेरपर्यंत येतील ते सगळे एकदम तिच्याकडे पाठवते.

बोरूवालीचं ऐकून मी काल रात्री माझी फ्रेम उघडली. इतकी वर्षं भिंतीवर आहे, कधी सुचलंच नाही. पुठ्ठा खरंच तपकिरी झाला होता आणि कोपऱ्यात कागदाला त्याची छाया आली होती. मागे सरांचं अक्षर, शिरोरेषा अगदी सरळ: ‘रंकाळा, संध्यामठ. श्रावण. स. ६.४०.’ त्याच्याखाली माझं नाव, आणि पुढे लिहिलंय, ‘हिने पाण्याचं भांडं धरलं.’

मी त्या सकाळी तिथे होते. नववीत होते. कठड्यावर भांडं ठेवलं तर वाऱ्यानं कलंडत होतं म्हणून सरांनी माझ्या हातात दिलं होतं, आणि चित्र होईपर्यंत मी ते तसंच धरून उभी होते. पाणी हळूहळू निळं होत गेलेलं मला आठवतं. हे चित्र तेच, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.